पहिली घागर भट्टीवर

फार वर्षांपूर्वी, आपल्या पळसगव्हाणात अजून कौलं आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्या घरांवर गवताची छपरं होती. उन्हाळ्यात ती इतकी वाळायची की कुणी जोरात शिंकलं तरी म्हातारी माणसं आधी आढ्याकडं बघायची आणि मग शिंकणाऱ्याकडं.

त्या काळी गावविहिरीच्या काठाला एक बाई राहायची. नाव कौतिका. हरभऱ्याचे फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, साळीचे मुरमुरे भाजून विकायचे, हा तिचा धंदा. गाव तिला कौतिकमाय म्हणायचं. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की ती विहिरीवर बोलली तर शिवारातले बैल थांबायचे. तिची भट्टी तिच्या नवऱ्यानं बांधलेली. नवरा लवकर गेला, भट्टी राहिली. मातीचा कमरेइतका उंच ओटा, त्याच्या पोटात जाळ, वर लोखंडी कढई आणि कढईत तापलेली वाळू. त्या भट्टीतला विस्तव कधी विझलाच नव्हता, असं म्हणतात. कौतिकमाय नवी नवरी होऊन आली त्या दिवशी पेटला, तो तिचे केस पिकले तरी तोच.

गावातल्या बायका सकाळी चूल पेटवायला निखारा तिच्याकडूनच न्यायच्या. गोवरीच्या तुकड्यावर घ्यायचा आणि पदराच्या आडोशानं न्यायचा. आता निखारा घ्यायला आलेली बाई लगेच परत जाते, असं कुठं असतं? कुणाकडं पाहुणे आले, कुणाची सून माहेरून परतली नाही, कुणाच्या घरात काय शिजलं आणि काय करपलं, सगळं तिथं कळायचं. ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली तीही तिथूनच.

तर एका वर्षी शिमगा झाला आणि गावात आगी लागायला लागल्या. आधी सुपडूच्या गोठ्याचं छप्पर गेलं. मग गुरवाचं कुंपण गेलं. मग तेलिणीचं न्हाणीघर जळालं. न्हाणीघर कसं जळतं ते तेलिणीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. प्रत्येक वेळी लोक धावले, पण धावले ते बघायला. विझवायला कुणी काही आणलं तर फक्त सल्ला. आणि आग आपोआप थकून विझली की सगळे एकच म्हणायचे, ही कौतिकाच्या भट्टीची ठिणगी. गुरवाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वारा उलटा वाहत होता, हे कुणी बोललं तर त्याला उत्तर मिळायचं की ठिणगीला काय, ती वळसा घालून जाते. रोज सकाळी निम्म्या गावाचे निखारे पदराआडून गल्लीबोळांतून फिरतात, ह्याचा विचार मात्र कुणाच्या मनात आला नाही. आला असला तरी तो घरी चूल पेटवून झाल्यावर आला असेल.

चावडीवर गाव बसलं. रायभान पाटील मधोमध बसले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना एक खोड होती. ते निवाडा आधी सांगायचे आणि तक्रार मागाहून ऐकायचे. त्यांनी सांगून टाकलं, आणखी एक आग लागली की भट्टी वेशीबाहेर, ओढ्यापलीकडं. आता ओढ्यापलीकडं होती मसणवट. तिथं फुटाणे घ्यायला कोण जाणार? जो जाईल त्याला फुटाणे खायची शुद्ध कुठं असणार? भट्टी गेली की कौतिकमायचं घर गेलं आणि पोट गेलं. आणि गावात काय चाललंय ते कळायचं बंद झालं, ते तर मरणाहून वाईट.

तिनं पदर खोचला आणि विचारलं, "पाटील, आग लागली, पण घराला शिवायच्या आत गावानं विझवली तर?"

पाटील हसले. मग गाव हसलं. कारण ह्या गावानं तोवर एकत्र मिळून केलेलं एकच काम होतं, ते म्हणजे जेवण. पाटील म्हणाले, "ह्या गावानं आग विझवली, तर भट्टी तुझी आणि जागा तू बोट दाखवशील ती."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" कौतिकमाय म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गावाला आग विझवायला शिकवायचं काढलं. तिची एक जुनी, बूड फुटलेली कढई होती. ती तिनं विहिरीवरच्या कडूलिंबाला टांगली. लोखंडी झाऱ्यानं ती बडवली की आवाज घुमायचा. ठरलं असं की कढई वाजली की प्रत्येक घरातून एकानं भरली घागर घेऊन आगीकडं पळायचं. आग खोटी असली तरी पळणं खरं पाहिजे.

पहिल्या वेळी खोटी आग सुपडूच्या घरी ठरली. कढई वाजली. लोक घागरी घेऊन सुपडूच्या दारात गेले. सुपडूची बायको सकाळपासून तयारीत होती. तिनं सडा घातला होता, रांगोळी काढली होती आणि पाट मांडले होते. एवढी माणसं दारात आली म्हटल्यावर तिनं रीतीप्रमाणे त्यांच्या पायांवर पाणी घातलं. कुठलं पाणी? त्यांच्याच घागरींतलं. घरातलं सड्याला संपलं होतं. पाय धुऊन सगळे आत गेले, गूळपाणी झालं, शेंगदाणे झाले. ज्या पेंढीला आग लागली असं समजायचं होतं, तिच्यावर सुपडूचा मामा टेकून बसला होता. दोन घरं पुढं खोटी आग ठरली तर तिथल्या बाईनं आग विझवणाऱ्यांना ओवाळायला निरांजन पेटवलं आणि वाऱ्यानं ज्योत छपराला लागता लागता राहिली. मग तर ज्याच्या त्याच्या घरून निरोप यायला लागले, आमच्याकडं कधी आग लावणार? सुपडूकडं लावली, आमच्याकडं का नाही? आम्ही काय गावाबाहेरचे?

कौतिकमायनं कपाळाला हात लावला. आणि तिनं ठरवलं की ह्यापुढं खोटी आग कुणाच्या घरी नाही. जी काय असेल ती माझ्याच अंगणात, भट्टीपाशी. मी कुणाचे पाय धुणार नाही. पाचोळ्याचा ढीग पेटवीन, तुम्ही विझवा आणि जा. हे ठरवलं ते शहाणपणाचंच होतं. त्याचं पुढं काय होणार आहे हे तिला तरी कसं कळावं?

आता नुसत्या पाचोळ्यासाठी भर उन्हात कोण धावेल? तिनं सांगितलं की घागर घेऊन येईल त्याला ओंजळभर गरम फुटाणे. त्या दिवसापासून गाव असं पळायला लागलं की वाटेतली कुत्री घरात शिरून बसायची. तेलीण तर कढई वाजायच्या आधीच निघायची. कुणी घागरीऐवजी तांब्या आणला, तेव्हा कौतिकमायनं त्याला तांब्याच्या हिशेबानं मोजून चार फुटाणे दिले. मग कुणी हंडा आणला आणि तो उचलता येईना म्हणून अर्ध्या वाटेत त्यावर बसून राहिला. हळूहळू घागरीचं माप गावाला पटलं.

खरी अडचण पुढं होती. आग मोठी असली तर माणसानं विहिरीपासून आगीपर्यंत ओळ करायची आणि घागर हातोहात द्यायची, हे तिनं शिकवलं. पण आपलं गाव म्हणजे आपलं गाव. कोण कुणाशी बोलत नव्हतं? सुपडू आणि त्याचा सख्खा भाऊ भिला बांधावरच्या बोरीवरून अबोला धरून होते. बोर वाळून गेली तरी अबोला हिरवा होता. गुरवाची आणि तेलिणीची नजरानजर बंद. सासवांनी सुनांच्या हातून काही घ्यायचं नाही, सुनांनी सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. ओळीत घागर भिलापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची, कारण पुढं सुपडू. मग भिला घागर खाली ठेवायचा, तोंड फिरवायचा, सुपडू तोंड फिरवून ती उचलायचा. तोवर आग असती तर चार घरं जेवून गेली असती.

मग कौतिकमायनं ओळ लावली. कुणाचं कुणाशी काय आहे हे गावात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? भिला आणि सुपडूच्या मधे तिनं गुरव उभा केला. गुरव आणि तेलिणीच्या मधे सुपडूचा मामा. ह्या ओळीत असं एकही माणूस नव्हतं ज्याला शेजारच्याशी भांडण असेल. ती ओळ लावताना कौतिकमायला पाटलाच्या न्यायनिवाड्यापेक्षा जास्त विचार करावा लागला, असं म्हणतात.

एक शेवटचा नियम तिनं केला. लोक पळत यायचे आणि पाणी टाकायच्या आधी विचारत बसायचे, कुठं लागली, कशानं लागली, कुणी लावली. तेव्हा ती म्हणाली की भट्टीपाशी आलात की एक शब्द बोलायचा नाही आणि ऐकायचा नाही. मी कितीही ओरडले तरी ऐकायचं नाही. आधी पाणी टाकायचं. गावानं हा नियम इतका मनापासून पाळला की तेवढा कुठल्या देवाचाही पाळला नसेल.

आणि वैशाखातल्या एका दुपारी खरी आग लागली.

पाटलाचं घर गावाच्या त्या टोकाला. घराला लागून कडब्याची गंज, दोन मजली वाटावी एवढी. पाटील जेवण करून गंजीच्या सावलीत चिलीम ओढत बसले होते. डोळा लागला. चिलीम हातातून गेली. जाग आल्यावर ते आत जाऊन पडले, चिलमीचा विस्तव बाहेरच राहिला. थोड्या वेळानं विहिरीकडून कौतिकमायला पाटलाच्या बाजूनं धूर दिसला. ही आग घराला शिवली की आपण ओढ्यापलीकडं. तिनं झारा उचलला आणि कढई बडवायला सुरुवात केली.

असं म्हणतात की त्या दिवशी ती कढई तीन गावांत ऐकू गेली. आणि सगळं गाव धावलं. घरातून, शेतातून, पारावरून, भरल्या घागरी घेऊन, वाऱ्यासारखं धावलं. आणि धावलं ते कुठं? जिथं रोज धावायचं तिथं. कौतिकमायच्या अंगणात.

ती ओरडली, इथं नाही, तिकडं. पण तिचं ऐकायचं नाही हे तिनंच शिकवलेलं. ती हातवारे करायला लागली. लोकांना वाटलं, आज परीक्षा जरा अवघड दिसते. पाचोळा पेटलेला नव्हता, पण भट्टी पेटलेली होती. पहिली घागर तेलिणीची पडली. मग गुरवाची, भिलाची, सुपडूची. तापलेली भट्टी फुसफुसली, गरजली, तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला. फुटाणे, वाळू आणि पाणी मिळून चिखल झाला. कौतिकमाय भट्टीपुढं हात पसरून उभी राहिली तर लोकांनी तिलाही भिजवली. सगळ्यात शेवटी रायभान पाटील आले. झोपेतून उठून आले होते, मुंडासं उलटं होतं. त्यांनी मोठ्या थाटात आपली घागर उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर रिकामी केली आणि म्हणाले, "विझली."

त्यांच्या पाठीमागं आभाळ काळं झालं होतं.

पाटलाची सून शेवंता पळत आली होती. तिनं गंज पेटलेली डोळ्यांनी बघितली होती. पण समोर सासरा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासऱ्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. तिनं पदर ओढून खुणा केल्या, कुणी बघेना. तिनं खाकरून बघितलं, कुणी वळेना. तेव्हा तिनं पदर मागं टाकला आणि चारचौघांत म्हणाली, "मामंजी, गंज आपली पेटलीय. ती घागर इकडं द्या."

पाटलांना गंज पेटल्याचं जास्त नवल वाटलं की सून बोलल्याचं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण घागर त्यांनी दिली.

आता घागरी सगळ्यांच्या रिकाम्या. पण विहीर पायाशी होती. कौतिकमाय चिंब भिजलेली, तोंडाला राख, मागं भट्टीचा चिखल. ती एक क्षण त्या चिखलाकडं बघत राहिली. मग तिनं शेवंताच्या हातातली घागर घेतली, विहिरीत सोडली आणि ओरडली, "ओळ."

ओळ लागली. पण विहिरीपासून पाटलाच्या घरापर्यंत अख्खं गाव आडवं. माणसं लांब लांब उभी राहिली तरी पुरेनात. मधे उभी केलेली माणसं पुढं सरकली, पुढची आणखी पुढं, आणि तिनं लावलेली ती सगळी नेमकी ओळ मोडली. भिलानं घागर घेऊन मान वळवली तर समोर सुपडू. दोघं बघत राहिले. मागून तेलीण ओरडली, "अरे, बोर वाळली रे मेल्यांनो."

भिला म्हणाला, "धर."

सुपडू म्हणाला, "धरली."

आणि मग घागरी अशा चालल्या, असं म्हणतात, की रिकामी घागर विहिरीवर परत यायच्या आधी भरलेली गंजीवर पोचायची. पाण्याला विहीर सोडल्याचं कळायचं नाही. एका घागरीतून एक मासा गेला, तो गंजीवर पडला, तिथून उडून पुढच्या रिकाम्या घागरीत पडला आणि परत विहिरीत आला. तो म्हातारा होईपर्यंत बाकीच्या माशांना ती गोष्ट सांगत होता. विहिरीचा तळ दिसला, तेव्हा विहिरीलाच लाज वाटली आणि नवा झरा फुटला. सासवांनी सुनांच्या हातातल्या घागरी घेतल्या. गुरव तेलिणीला म्हणाला की जरा पटापट दे, आणि तेलिणीनं त्याला जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही, पण घागर दिली.

निम्मी गंज गेली. घराला धग लागली, छपराची कड काळी झाली, पण आग घराला शिवली नाही. संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या दोन्ही गावांतली माणसं घागरी घेऊन, घाम पुसत येऊन पोचली आणि विचारायला लागली, आग कुठंय? त्यांना बसवून गूळपाणी दिलं.

सगळं शांत झाल्यावर पाटील विहिरीवर आले. म्हणाले, "कौतिके, मी शब्द दिला होता. भट्टी राहील."

"कंची भट्टी?" कौतिकमाय म्हणाली.

सगळ्यांनी त्या चिखलाकडं बघितलं. त्यातून कुठं कुठं एखादा फुटाणा वर आलेला होता. गुरव मुकाट्यानं आपल्या घागरीचं बूड बघत बसला, जणू चूक घागरीची होती.

पाटलांनी घसा खाकरला. "नवी बांधू. सगळं गाव माती आणील. आणि मी म्हणतो, माझ्या अंगणात बांध."

लोकांना वाटलं, पाटलांना पश्चात्ताप झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पण पाटील त्या दिवशी खरं बोलायच्या मनःस्थितीत होते. ते म्हणाले, "अगं, आग कुठंबी लागो, हे गाव पाणी घेऊन आधी तुझ्या भट्टीकडं पळतं. मी डोळ्यांनी बघितलं. मीबी पळालो. मग सगळ्या गावात बिनघोर जागा कुठली, तर तुझ्या भट्टीचा शेजार."

हे ऐकलं मात्र, आणि सगळे उठून उभे राहिले. सुपडू म्हणाला की माझा गोठा आधी जळालाय, पहिला हक्क माझा. गुरव म्हणाला, देवळाशेजारी पाहिजे. तेलीण म्हणाली की माझं न्हाणीघर विसरलात काय. कालपर्यंत जी भट्टी मसणवटीत टाकायची होती, ती प्रत्येकाला दारात पाहिजे होती. ती भांडणं आगीपेक्षा जास्त वेळ चालली, असं म्हणतात. कौतिकमाय केस पिळत ऐकत बसली. सगळं ऐकून घेतलं, एक शब्द सोडला नाही. मग म्हणाली, "जागा मी बोट दाखवीन ती, असं ठरलं होतं ना? मग जिथं होती तिथंच. ज्याला शेजार पाहिजे त्यानं आपलं घर उचलून इकडं आणावं."

आणि लोकांनी आणलं. दर वर्षी छपरं शाकारायची वेळ आली की एखादं घर पुढं सरकायचं. आज आपलं गाव बघा, सगळी वस्ती विहिरीभोवती दाटलेली आणि पाटलांच्या जुन्या घराकडचं ते टोक मोकळं माळरान. परगावचे लोक विचारतात, तुमचं गाव असं एका बाजूला कललेलं का? त्याचं कारण हे.

नवी भट्टी गावानं बांधली. प्रत्येकानं आपल्या घरची पाटीभर माती घातली आणि दोन पाट्या अक्कल घातली, म्हणून ती जरा वाकडी झाली. पण पेटवायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण रोजचा निखारा जिथून यायचा तो विस्तवच विझला होता. इतक्या आगींनी पोळलेल्या गावात एक ठिणगी सापडेना. शेवटी शेवंता घरी गेली आणि गंजीच्या राखेत धुमसत राहिलेला एक निखारा गोवरीवर घेऊन आली. पदराआड नाही, मडक्यात झाकून. तेव्हापासून आपल्याकडं निखारा झाकूनच न्यायचा असतो.

कौतिकमाय पुढं किती वर्षं जगली ते कुणाला ठाऊक नाही. काही म्हणतात ती गेलीच नाही, एका दुपारी फुटाणे भाजता भाजता धुरात मिसळली. वाकडी भट्टी मात्र आहे. शिमग्याच्या आदल्या दिवशी लिंबावरची कढई वाजते आणि सगळं गाव ओळीत उभं राहतं. गावात आलेल्या नव्या नवरीला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ओळीतली तिची जागा दाखवतात. आणि ज्यांचा अबोला असेल त्यांना मुद्दाम शेजारी उभं करतात. त्या दिवशी एकच शब्द बोलायचा, "धर". पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. बरीचशी भांडणं तिथंच मिटतात आणि काही नवी सुरू होतात.

मागं एकदा तालुक्याहून आगीच्या बंबावरचा एक साहेब गावाला शिकवायला आला होता. त्यानं नळी दाखवली, वाळूच्या बादल्या दाखवल्या. सगळ्यांनी नीट ऐकलं. मग त्यानं गावाची ओळ बघायला मागितली आणि लांबच्या खळ्यात थोडं गवत पेटवलं. कढई वाजली. तो खळ्यात वाट बघत उभा राहिला आणि गाव पळालं ते भट्टीकडं. पहिली घागर भट्टीच्या कडेला, त्यासाठीच ठेवलेल्या कोनाड्यात टाकली, तिथून ओळ वळली, आणि दुसरी घागर बरोबर त्याच्या गवतावर. साहेबानं विचारलं की आग इकडं आणि पहिलं पाणी तिकडं, हे काय? म्हाताऱ्यांनी त्याला समजावलं की अहो, आमच्याकडची रीतच तशी आहे. पहिली घागर कौतिकमायची, बाकीच्या आगीच्या.

साहेब म्हणाला, तेवढ्यात घर जळालं तर?

म्हाताऱ्यांनी सांगितलं, अजून तरी जळालं नाही. आणि साहेबाच्या ओंजळीत गरम फुटाणे घातले.